पाडारची पहाट, वाळल्या गवतातली

इंडोनेशियातल्या कोमोडो राष्ट्रीय उद्यानातल्या पाडार बेटाचा फोटो तुम्ही कुठे ना कुठे पाहिलाच असेल. उंचावरून घेतलेला, मधून डोंगराची नागमोडी धार गेलेली आणि तिच्या दोन्ही अंगांनी समुद्र आत घुसून झालेले तीन अर्धगोल किनारे. इंडोनेशियाच्या पन्नास हजार रुपियांच्या नोटेच्या मागच्या बाजूलाही हेच दृश्य आहे. मीही तो फोटो पाहूनच गेले. माझ्या मनातलं पाडार हिरवंगार होतं. आम्ही गेलो ऑगस्टात, आणि डोंगर पायथ्यापासून माथ्यापर्यंत वाळलेला होता. तो तसाच पाहावा, आणि सूर्योदयाला पाहावा, असं मला मनापासून वाटतं.

आम्ही म्हणजे मी, माझी मोठी जाऊ आणि तिची मुलगी. मी नागपुरात शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले. जावेला मी ताईच म्हणते. ताईंनी साठी ओलांडली आहे, गुडघे कधी साथ देतात, कधी नाही. पुतणी बंगळुरूला नोकरी करते. बेत तिचाच. "आई, काकू, तुम्ही दोघी किती दिवस नुसतं ठरवून राहिल्या, या वर्षी मी तिकिटंच काढते," म्हणाली आणि काढलीही.

नागपूरकराला समुद्र म्हणजे काय, हे मुंबई-कोकणातल्या माणसाला सांगून कळणार नाही. आमच्याकडे पाणी म्हणजे अंबाझरी, फुटाळा, फार तर तोतलाडोहचा जलाशय. समुद्र पाहायचा तर रात्रभर गाडीत बसायचं. ताईंनी तर तो मुंबईला लग्नाकार्याला गेल्यावर चौपाटीवरून पाहिलेला, तेवढाच. आणि आता त्याच समुद्रात लाकडी बोटीवर झोपायचं होतं.

तयारी आम्ही रामटेकला केली. अंबाळा तलावाकडून गडावर ज्या जुन्या दगडी पायऱ्या जातात, त्या चढायच्या, वर रामाचं दर्शन घ्यायचं आणि हळूहळू उतरायचं. पाडारला आठशेच्या आसपास पायऱ्या आहेत असं सांगतात. आकड्याने माणूस उगाच घाबरतो. खरी गोष्ट ही की चढ सलग आहे, मध्ये थांबायला टप्पे आहेत आणि पहाटे ऊन नसतं. ताईंनी रामटेकला एक पद्धत बसवून घेतली. बोलायचं नाही, मनात जप करायचा आणि प्रत्येक टप्प्यावर एक घोट पाणी घ्यायचं. तीच पद्धत पुढे कामी आली.

प्रवासाचं फार लिहीत नाही. नागपूरहून बंगळुरू, तिथून बाली, बालीहून तासाभराच्या विमानाने फ्लोरेस बेटावरचं लाबुआन बाजो. भारतीयांना विमानतळावर उतरल्यावर व्हिसा मिळतो. घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे करायचं.

लाबुआन बाजोच्या बंदरात लाकडी बोटी ओळीने उभ्या असतात. त्यांना फिनिसी म्हणतात. दक्षिण सुलावेसीतल्या लोकांची ही नौका बांधण्याची कला युनेस्कोने 2017 साली अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. आमची बोट लहान होती. खाली झोपायच्या खोल्या, वर बसायला ओटा. माणसं थोडी, पण सगळी मायाळू. आचाऱ्याला पुतणीने आधीच सांगून ठेवलं होतं की आम्हाला मासे चालत नाहीत. त्याने टेंपे म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, भात, भाज्या आणि मिरचीचं सांबाल असं रोज करून घातलं. ताईंनी घरून ठेचा नेला होता. सांबाल आणि ठेचा एकाच ताटात. आचारी ठेचा चाखून बराच वेळ मान हलवत होता, मग त्याने स्वतःसाठी वाटीभर मागून घेतला.

पहिल्या संध्याकाळी बोट एका खारफुटीच्या बेटापाशी थांबली. अंधार पडायला लागला तशी त्या झाडांतून मोठमोठी वटवाघळं उठली आणि थव्याने फ्लोरेसच्या दिशेने गेली. ते संपेना. आम्ही माना वर करून कंटाळलो, तरी ती जातच होती.

तिथेच, जेवणाच्या आधी, मी या प्रवासातलं सगळ्यात महत्त्वाचं काम केलं. गाईडला आणि बोटीच्या कप्तानाला जवळ बसवून घेतलं आणि पुतणीकरवी विचारलं, उद्या पाडारवर आम्हाला किती वेळ आहे? ठरलेला बेत असा होता की सूर्योदय झाला की खाली, नाश्ता आणि लगेच पुढचा किनारा, मग कोमोडो. मी म्हटलं, आम्हाला पुढचा किनारा कमी चालेल, पण वर थांबू द्या. कप्तान आधी जरा विचारात पडला, कारण पुढच्या ठिकाणी बोटींची गर्दी होते. मग ताईंकडे पाहून म्हणाला, इबू, म्हणजे आईच, हळू चढणार ना, मग चालेल. ताईंच्या वयाचा मान आम्हाला उपयोगी पडला.

रात्री बोट पाडारकडे निघाली. या बेटांमधल्या सामुद्रधुन्यांतून प्रशांत महासागराचं पाणी हिंदी महासागराकडे सरकत असतं, त्यामुळे इथे प्रवाह फार जोरकस असतात. शाळेत मी महासागरी प्रवाहांचे बाण फळ्यावर लाल-निळ्या खडूने काढायचे. त्या रात्री ते पाणी बोटीच्या फळ्यांना खालून ढकलत होतं. ताई उठून बसल्या. "अगं, काही होऊन राहिलं का?" मी म्हटलं, काही नाही ताई, पॅसिफिकचं पाणी आपल्या हिंदी महासागरात चाललंय. "मग जाऊ दे," म्हणाल्या आणि झोपल्या.

पहाटे साडेचारला उठवलं. वर आलो तर बोट एका खोलगट उपसागरात नांगरलेली, आजूबाजूला दुसऱ्या बोटींचे दिवे आणि पूर्वेला मृग नक्षत्र बरंच वर आलेलं, त्याच्या खाली व्याध झगझगीत. नागपुरात ऑगस्टात मृग कुठला दिसायला, सगळं आभाळ भरलेलं. छोट्या होडीतून धक्क्यावर उतरलो. तो श्रावणी सोमवार होता आणि ताईंचा उपास. मी म्हटलं होतं, ताई, एवढ्या चढाला उपास नको. त्यांनी ऐकलं नाही. पिशवीत राजगिऱ्याचे लाडू होते आणि बोटीवर केळ्यांचे घडच्या घड टांगलेले. दोन केळी खाऊन निघाल्या.

सुरुवातीला लाकडी पायऱ्या आणि कठडा, पुढे दगडी पायऱ्या, आणि शेवटी नुसती खडकाळ वाट. बॅटरी कपाळाला बांधायची मिळाली तर फार सोय होते, हात मोकळे राहतात. तरुण मुलं भराभर पुढे गेली. आम्ही कडेला सरून त्यांना वाट देत होतो. वारा आग्नेयेकडून, चांगला थंड. शाल आणायला हवी, हे मी आवर्जून सांगते. विषुववृत्ताजवळ आहे म्हणून उकाडाच असेल असं समजू नका.

आपल्याकडे जूनपासून धो धो पाऊस, आणि त्याच महिन्यांत तिथे ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या जमिनीवरून येणारे वारे. तेव्हा आपल्या श्रावणात त्यांचा कोरडा हंगाम. इंडोनेशिया म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे दाट जंगल येतं, पण कोमोडोचा हा भाग त्या देशातल्या सगळ्यात कोरड्या भागांपैकी एक आहे. नागपूरला वर्षाला हजार-बाराशे मिलिमीटर पाऊस पडतो. या बेटांना त्यापेक्षाही कमी. मान्सूनचे वारे मी मुलांना वर्षानुवर्षं शिकवले, पण त्याची दुसरी बाजू, आपल्या पावसाच्या दिवसात कोरडी पडलेली जमीन, पायाखाली कधी घेतली नव्हती.

साडेपाचच्या सुमाराला बॅटरी विझवता आली. तेव्हा पहिल्यांदा कळलं की आपण कुठून चाललो आहोत. दोन्ही बाजूंना उतार, त्यावर गुडघाभर गवत आणि खाली दोन्हीकडे पाणी. झाड जवळपास नाहीच. ताई एका टप्प्यावर थांबल्या, कठड्याला हात टेकून. मला वाटलं दमल्या. "ताई, बसायचं का?" "नाही गं. पाहून राहिली." पुढच्या टप्प्यालाही तसंच. पुतणी मात्र घायकुतीला आलेली, सूर्य निघून जाईल म्हणून. तिला म्हटलं तू हो पुढे, वर जागा धर.

सूर्य उगवायची वेळ सहा-दहाची होती. नागपुरात तेव्हा पहाटेचे तीन-चाळीस. माथ्यावरच्या खडकावर बरीच गर्दी, फोटोसाठी रांग. काही जण ती पन्नास हजारांची नोट हातात धरून मागे खरी बेटं येतील असा फोटो काढत होते. आम्ही खडकाच्या जरा खाली, धारेवरच, सपाट जागा पाहून बसलो. तिथून तिन्ही किनारे दिसत होते. एकाची वाळू पांढरी, एकाची काळी आणि एकाची गुलाबी असं सांगतात. त्या वेळी तिन्ही एकाच राखी रंगाचे होते.

पुढे काय झालं ते मी सावकाश लिहिते, कारण ते सावकाशच झालं.

आधी दूरच्या बेटांचे माथे रंगले. आमच्याकडे अजून काहीच नाही. मग समोरच्या डोंगराच्या कडेने एक बारीक रेघ उजळली आणि सूर्य दिसला तेव्हा सगळ्यांनी एकदम आवाज केला, टाळ्या वाजवल्या. छान होतं. पण सूर्योदय तर आपण कुठेही पाहतो. खरी गोष्ट त्यानंतर पाच-दहा मिनिटांनी सुरू झाली. ऊन अगदी आडवं, जमिनीला लागून आलं आणि त्या धारेवरचं गवत पेटल्यासारखं झालं. प्रत्येक काडी वेगळी. काडीच्या टोकाला तुरा, त्या तुऱ्याची लव, त्या लवेवर ऊन. वारा आला की सगळा उतार एका बाजूने उजळायचा आणि दुसऱ्या बाजूने मंद व्हायचा. हिरवा डोंगर हे करू शकत नाही. हिरवं पान ऊन पिऊन टाकतं. वाळली काडी ते अंगावर घेते आणि परत देते.

आणि खाली पाण्यावर आमच्याच डोंगराची सावली पडली होती. नागमोडी धार जशीच्या तशी, काळीशार, पाण्यावर पसरलेली. सूर्य वर आला तशी ती आखडत गेली. एका उपसागरातून सावली निघाली आणि तिथलं पाणी राखी होतं ते निळं झालं, काठाला फिकट हिरवं, आणि वाळू पांढरी दिसली. मग दुसरा. तिसरा सगळ्यात शेवटी, कारण तो डोंगराच्या अगदी पोटात आहे. तिन्ही किनारे एकामागून एक असे उघडायला अर्धा तास लागला असेल. नोटेवर आणि फोटोत ते एकदम दिसतात. वर बसून पाहणाऱ्याला ते एकेक करून मिळतात.

या अर्ध्या तासात माथा जवळजवळ रिकामा झाला. सूर्य वर आला, फोटो झाले, गाईड हाका मारायला लागले, आणि लोक उतरले. मला वाईट वाटलं त्यांच्यासाठी. किती लांबून आलेली माणसं, किती खर्च करून. आणि निघाली ती नेमकी सुरुवात झाल्यावर.

ताई तेवढ्यात साडीच्या काठाला चिकटलेलं काहीतरी काढत होत्या. (हो, ताई साडीतच चढल्या, काष्टा घालून, पायात बूट.) त्यांनी ते माझ्या तळहातावर ठेवलं. "हे पाय. हे तं आपल्याकडचं कुसळ!"

खरंच कुसळ. काळपट तपकिरी दाणा, खाली सुईसारखं टोक, वर लांब पिळदार शेपूट. आपल्या माळरानावर, काटोल-कोंढाळीच्या वाटेला, पावसाळ्यानंतर कुठेही फिरा, मोज्यात आणि धोतरात शिरणारं तेच. वनस्पतिशास्त्रात त्याला हेटेरोपोगॉन कॉन्टॉर्टस म्हणतात, आणि कोमोडोच्या माळांवर ते भरपूर आहे. ताईंनी बाटलीच्या झाकणात घेतलेल्या पाण्याचा एक थेंब त्यावर सोडला. शेपटाचा पीळ सुटायला लागला आणि दाणा तळहातावर हळूहळू गोल फिरला. पुतणी डोळे मोठे करून बघत राहिली. ताई लहानपणी आजोळी, कळमेश्वरकडे, हा खेळ खेळायच्या. ओल मिळाली की शेपूट उलगडतं, वाळलं की पुन्हा पीळ घेतं, आणि असं करत करत बी स्वतःला जमिनीत खुपसून घेतं. पावसाची वाट पाहणाऱ्या जमिनीतलं बी असंच असावं लागतं.

मग आम्ही शोधायलाच लागलो. खाली किनाऱ्याकडच्या झाडांकडे गाईडने बोट दाखवलं. बोटीवर परतल्यावर आणि दुसऱ्या दिवशी कोमोडो बेटावर नीट पाहिलं तेव्हा तर ताई एकेका झाडाला हातच लावत होत्या. ताड आपलाच. चिंच आपलीच. बोर आपलीच. कुसुमाचं झाडही या बेटांवर आहे, पेंच-नागझिऱ्यात असतं तेच. आणि त्याच रानात पांढरे काकाकुवा ओरडत होते, जे आपल्याकडे पिंजऱ्यातच दिसतात. इंग्रज निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड वॉलेस 1856 साली बालीहून लोंबोकला गेला तेव्हा एवढ्याशा सामुद्रधुनीने पक्षी बदललेले पाहून चकित झाला होता. ती सीमा पुढे त्याच्याच नावाने ओळखली गेली. कोमोडो तिच्या पूर्वेला येतं. झाडं आपल्या बाजूची आणि पक्षी ऑस्ट्रेलियाच्या बाजूचे, असं रान मी त्याआधी नकाशावरच पाहिलं होतं.

कोमोडो ड्रॅगनचं विचाराल. तीन मीटरपर्यंत वाढणारी ती घोरपड शास्त्रज्ञांना नीट कळली ती 1912 साली. तिच्यासाठी 1980 मध्ये इथे राष्ट्रीय उद्यान झालं आणि 1991 पासून ते जागतिक वारसा आहे. आम्ही ती कोमोडो बेटावर पाहिली, वनरक्षकाच्या सोबतीने. पाडारवर मात्र 1970च्या दशकानंतर ती नाहीशी झाल्याचं मानलं गेलं. कारण शिकाऱ्यांनी हरणं संपवत आणली आणि तिला खायला उरेना. विदर्भातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. हरिण टिकलं तर वाघ टिकतो, हे आपण ताडोबाच्या आणि पेंचच्या काठावर राहून शिकलोय. उतरताना खाली किनाऱ्याच्या झाडीत आम्हाला दोन हरणं दिसली. ताईंनी त्यांना नमस्कार केला.

उतार चढापेक्षा अवघड. गुडघ्यांना त्रास उतरतानाच होतो, आणि दगडांवर बारीक खडी असते, पाय सरकतो. गाईडने ताईंचा हात धरला आणि सगळ्या पायऱ्या आडव्या पावलांनी उतरवल्या. साडेआठपर्यंत ऊन असं तापलं की सावली शोधूनही मिळेना. खाली आल्यावर ताईंनी तिसरं केळं खाल्लं आणि संध्याकाळपर्यंत उपास नीट पाळला.

जाणार असाल तर थोडं सांगते. डिसेंबर ते मार्च पाऊस आणि खवळलेला समुद्र, बोटी अडकतात. एप्रिल-मेमध्ये डोंगर हिरवा असतो, फोटोत दिसतो तसा. जुलैपासून पुढे वाळतो. मला विचाराल तर ऑगस्ट. वर पाणी मिळत नाही, एक लिटर तरी सोबत ठेवा, आणि प्लास्टिक खाली घेऊन या. वाळलेल्या गवतात ठिणगी पडली तर अख्खा उतार जाईल, तेव्हा तुमच्यातला कुणी सिगारेट ओढणारा असेल तर त्याला बोटीवरच सांगून ठेवा. साठीच्या पुढचं माणूस सोबत असेल तर लवकरच्या पहिल्या होडीने उतरा, म्हणजे चढताना मागून कुणाची घाई नसते.

आणि बोट ठरवताना, पैसे देण्याआधी, एवढं विचारून घ्या: पाडारवरून खाली किती वाजता यायचं? उत्तर "सूर्योदय झाला की" असं आलं तर एक ठिकाण कमी करायला सांगा आणि तो वेळ वर मागून घ्या. बहुतेक कप्तान देतात.